जुन्या कागदांची नवी प्रत : कुलवृत्तांताच्या साधनांचे जतन

भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या मंगल वर्षात, म्हणजे १९७४-७५ साली, आपल्या ट्रस्टची स्थापना झाली. त्या घटनेस पन्नास वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी 'आपल्या घराण्यांचा इतिहास' या विषयावर काही लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. मी व्यवसायाने कापडाचा व्यापारी, शिक्षण बी.कॉम.पर्यंतचे. इतिहासाचा अभ्यासक म्हणवून घेण्याचा अधिकार माझा नाही. तथापि चाळीस वर्षे हिशेबाच्या वह्यांशी संबंध आल्यामुळे एक गोष्ट मनावर पक्की ठसली आहे. ज्या व्यवहाराला कागदाचा आधार नाही, तो कितीही खरा असला तरी पुढच्या पिढीच्या लेखी तो झालेलाच नसतो. घराण्याच्या इतिहासाचेही तसेच आहे.

आपण मूळचे कोठले, हा प्रश्न प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा विचारला जातो. आजोबा-पणजोबांपर्यंत स्मरण चालते. त्यापलीकडे 'वाडवडील सांगत असत' एवढ्यावर थांबावे लागते. तेथून पुढे नेणारी साधने मात्र आपल्याच घरात व बस्तीत असतात. जुन्या कीर्द-खतावण्या, खरेदीखते, वाटणीपत्रे, शाळेच्या जनरल रजिस्टरातील नोंदी, गावचे फेरफार, जन्मपत्रिका, विवाहाच्या निमंत्रणपत्रिका, तीर्थयात्रेच्या पावत्या आणि जिनप्रतिमांच्या आसनावरील लेख, ही ती साधने होत. त्यांतील बहुतेक कागद मोडी लिपीत आहेत. ती वाचणारी पिढी जवळजवळ संपली आणि कागदही संपत आले आहेत. म्हणून या लेखात घराण्यांच्या कथा न सांगता, त्या कथा ज्यावर लिहिल्या आहेत त्या कागदांविषयी लिहिण्याचे मी ठरविले. त्यास कारण घडलेला प्रसंग प्रथम निवेदन करतो.

आमच्या घरची वही

शके १८३३ च्या दिवाळीस पूजन झालेली पणजोबांची एक कीर्द आमच्याकडे होती. खारव्याच्या वेष्टनातील ती वही उघडली की दोन फूट लांब होई. पहिल्या पानावर श्रीकार, त्याखाली वीर निर्वाण संवत २४३८, विक्रम संवत १९६८ व शके १८३३ अशी तिन्ही कालगणना. नंतर पणजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव आणि 'मूळ वस्ती मौजे' असे लिहून गावाचे नाव होते. वडिलांच्या हयातीत दर दिवाळीस ती बाहेर निघे. मोडी वाचणारे तेच घरातील अखेरचे. आम्ही भावंडे तिला गंध-अक्षता वाहत असू. ती वाचून घ्यावी, असे मात्र कोणाच्या मनात आले नाही.

२०१७ साली घरातील मंगलकार्याच्या वेळी पुतण्याने मोबाइलवर तिच्या पहिल्या पानाचे छायाचित्र घेतले. रात्रीची वेळ, डोक्यावर ट्यूबलाइट आणि वही कोणाच्या तरी हातात धरलेली. ते चित्र नातेवाइकांच्या मोबाइल-गटावर गेले, सर्वांनी वंदन कळविले आणि विषय तेथेच संपला.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीस महापूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. २००५ च्या पुराचे पाणी दुकानात जेथपर्यंत चढले होते, त्याहून वरच्या पोटमाळ्यावर वह्यांचे गाठोडे ठेवले होते. तेथे ते सुरक्षित राहील, असा आमचा हिशेब. तो हिशेब चुकला. पाणी ओसरल्यावर दुकान उघडले, तेव्हा ओल्या मालाखाली त्या गाठोड्यातील वह्यांचा लगदा झाला होता. काजळीची शाई धुऊन गेली होती.

छायाचित्राची आठवण झाली, तोवर पुतण्याचा जुना मोबाइल बदलला गेला होता. मूळ चित्र गेले. गटावर पाठविताना आकाराने लहान झालेली प्रत तेवढी राहिली. ती मोठी करून पाहता पणजोबांचे नाव लागते, त्यांच्या वडिलांचेही लागते. गावाच्या नावावर मात्र अंगठ्याची सावली आहे आणि चित्र मोठे केले की अक्षरांचे नुसते चौकोन होतात. दोन जाणत्या मोडी वाचकांना ते दाखविले. एकाने बेळगाव जिल्ह्यातील मांगूर वाचले, दुसऱ्याने हातकणंगले तालुक्यातील माणगाव. कागद होता तेव्हा हा प्रश्नच नव्हता. यात पुतण्याचा दोष नाही. वही दिवसाच्या उजेडात टेबलावर ठेवून, पाच मिनिटे अधिक देऊन छायाचित्र घे, असे सांगणे घरातील वडीलधारा म्हणून माझे काम होते. ते मी केले नाही.

प्रत करण्याची परंपरा

वास्तविक प्रत कशी करावी व ती का करावी, हे आपल्याला नव्याने शिकावे लागू नये. ज्येष्ठ शुद्ध पंचमीस आपण श्रुतपंचमी साजरी करतो. आचार्य धरसेनांनी मुखोद्गत ज्ञान लोप पावेल या चिंतेने ते पुष्पदंत व भूतबली या मुनिद्वयास दिले आणि षट्खंडागम ग्रंथारूढ झाला, त्याचे हे स्मरण. श्वेतांबर परंपरेत वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम लिहिले गेले. कार्तिक शुद्ध पंचमीस ज्ञानपंचमी होते. दोन्ही परंपरांचा बोध एकच. स्मरणावर विसंबू नये, लिहून ठेवावे. आणि लिहिलेले जीर्ण होण्यापूर्वी त्याची प्रत करावी. शास्त्रदानाला एवढे महत्त्व आले ते यामुळेच.

षट्खंडागमावरील आचार्य वीरसेनांची धवला टीका शेकडो वर्षे मूडबिद्रीच्या बस्तीत ताडपत्रांवर जुन्या कानडी लिपीत होती. यात्रेकरू दर्शन घेत, वाचणारा विरळा. मुंबईचे शेठ माणिकचंद व सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्या प्रयत्नाने सिद्धांतग्रंथांच्या प्रती करण्याचे काम १८९६ च्या सुमारास सुरू झाले. श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री व आपल्या मिरजेचे गजपती उपाध्याय यांनी ते हाती घेतले. हे लेखन १९२२ पर्यंत, म्हणजे सुमारे पाव शतक चालले. पुढे अमरावतीचे प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ ते १९५९ या काळात धवला १६ भागांत छापून प्रसिद्ध झाली.

या कार्यातील एक प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने मननीय आहे. सत्प्ररूपणेतील ९३ व्या सूत्रात 'संजद' हा शब्द संपादकांच्या हाती असलेल्या प्रतीत नव्हता. अर्थाचा विचार करता तो तेथे असावा, असे त्यांनी टीप देऊन सुचविले. त्यावरून विद्वानांत मोठा वाद झाला. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु पुढे मूडबिद्रीच्या मूळ ताडपत्रांशी ताडून पाहता तो शब्द तेथे आढळला. प्रतीवरून प्रत होताना एक शब्द सुटला होता. पाने जपून ठेवलेली होती म्हणूनच हा निवाडा होऊ शकला. याच सिद्धांतग्रंथांपैकी महाबंधाच्या ताडपत्रांचा काही भाग कीटकांनी नष्ट केल्याचे कळल्यावर आचार्य शांतिसागर महाराजांनी हे ग्रंथ ताम्रपत्रांवर कोरून घेण्याची प्रेरणा दिली. ती ताम्रपत्रे फलटण येथे आहेत. मूळ जपावे, प्रत करावी, प्रत मुळाशी ताडावी आणि ती टिकाऊ वस्तूवर ठेवावी, असा हा चार पायऱ्यांचा धडा आहे.

हस्तलेखनाकडून छायाचित्राकडे

छायाचित्रणाची कला आल्यावर लेखनिकाच्या हातून होणारी चूक टळण्याची सोय झाली. आगमप्रभाकर मुनी पुण्यविजयजी यांनी १९५० च्या सुमारास जैसलमेरच्या किल्ल्यातील ज्ञानभांडाराची व्यवस्था लावली व तेथील महत्त्वाच्या पोथ्यांचे सूक्ष्मपट, म्हणजे मायक्रोफिल्म, तयार करविले.

घराण्यांच्या इतिहासासाठी हाच मार्ग अमेरिकेतील युटा राज्याच्या वंशावळ संस्थेने १९३८ पासून अवलंबिला. देशोदेशींच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदवह्यांचे, तसेच हरिद्वारच्या पंड्यांकडील यात्रेकरूंच्या वह्यांचेही सूक्ष्मपट तिने घेतले. सॉल्ट लेक सिटीजवळ ग्रॅनाइटचा डोंगर कोरून केलेल्या तिजोरीत ही रिळे ठेवली आहेत. अशा सुमारे २४ लाख रिळांचे संगणकीय प्रतिमांत रूपांतर २०२१ साली पूर्ण झाले. आपल्याकडे २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झाले. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'ज्ञानभारतम्' मिशनची घोषणा होऊन एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण व जतन करण्याचे उद्दिष्ट ठरले. महाराष्ट्र शासनानेही जुने सातबारा व फेरफार यांच्या प्रतिमा संगणकावर उपलब्ध करून दिल्या आहेत.

मात्र शासन व मोठ्या संस्था सार्वजनिक दप्तरे पाहतील. आपल्या कपाटातील गाठोडे सोडण्यास कोणी येणार नाही. ते काम ज्याचे त्याने करावयाचे आहे. सुदैवाने त्याचे साधन आज प्रत्येकाच्या खिशात आहे.

स्वच्छ प्रत कशी घ्यावी

पुराच्या अनुभवानंतर जाणकारांना विचारून व स्वतः करून पाहून जे समजले, ते क्रमाने मांडतो.

प्रथम कागदाला इजा होऊ देऊ नये. मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये. लॅमिनेशन तर कदापि करू नये. वहीची शिवण ताठ झाली असल्यास जोर लावून ती सपाट करू नये.

छायाचित्र दिवसा घ्यावे. खिडकीजवळ, पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी कागद सपाट ठेवावा. फ्लॅश वापरू नये. त्याने मध्यभागी पांढरा डाग पडतो. कॅमेरा कागदाशी समांतर व स्थिर हवा. चारही कोपरे दिसलेच पाहिजेत. शेजारी फूटपट्टी ठेवावी, म्हणजे मूळ आकार कळतो. मजकूर नसलेला समास, पाठीमागची बाजू, वेष्टन व शिक्के हेही घ्यावेत. अनेकदा नावगाव पाठीवरच असते.

मापाविषयी थोडे विस्ताराने सांगतो. कागदाच्या प्रत्येक इंचात किमान ३०० बिंदू टिपले जावेत, असा सर्वसाधारण दंडक आहे. यालाच ३०० डीपीआय म्हणतात. बारीक अक्षर किंवा जुने छायाचित्र असेल तर ६०० घ्यावे. ए-४ आकाराच्या पानास ३०० च्या मापाने २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदू लागतात. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलमध्ये ते सहज बसतात. परंतु दोन फूट लांबीची उघडी वही एकाच चित्रात घेतली, तर लांबीचे ४००० बिंदू २४ इंचांवर विभागले जातात आणि इंचाला जेमतेम १६७ उरतात. मोडीसारख्या जोडून लिहिलेल्या लिपीला एवढे पुरत नाहीत. अशा वेळी प्रथम संपूर्ण पानाचे एक चित्र घ्यावे व मग एकमेकांवर थोडी येतील अशी भागाभागांची चित्रे घ्यावीत.

चित्र घेतल्यावर वही मिटण्यापूर्वी ते पडद्यावर मोठे करून सर्वांत बारीक अक्षर लागते का, हे पाहावे. मोडी येत नसली तरी अक्षराची कड स्पष्ट आहे की नाही, हे डोळ्यांना कळते. हेच ते मुळाशी ताडणे. आम्ही एवढे केले असते, तरी आमच्या गावाचे नाव आज हाती असते.

प्रतिमा रंगीत ठेवावी. मोबाइलमधील काही सोयी कागद 'स्वच्छ' करण्याच्या नादात त्यास निखळ काळापांढरा करतात. त्यात फिकट शाई, शिक्का व समासातील टीप नाहीशी होते. शक्य असल्यास टिफ स्वरूपात जतन करावी, कारण त्यात तपशील गळत नाही. जेपेग असल्यास सर्वोच्च दर्जा निवडावा व मूळ फाइलला हात लावू नये. प्रत्येक वेळी दुरुस्ती करून पुन्हा साठविली की जेपेगमधील तपशील थोडा थोडा कमी होतो. उजळ करणे, कापणे हे सर्व वेगळ्या प्रतीवर करावे. नातेवाइकांना पाठविताना 'छायाचित्र' म्हणून न पाठविता 'दस्तऐवज' म्हणून पाठवावी, म्हणजे तिचा आकार घटत नाही.

जिनप्रतिमांवरील लेखांचा नियम थोडा निराळा आहे. पंचांची अनुमती व शुद्धीचे नियम पाळून, दिवा समोरून न धरता एका बाजूने तिरपा धरावा. म्हणजे कोरीव अक्षरांत सावली बसून ती उठून दिसतात. अक्षरांत खडू, पीठ वा रंग भरू नये. या लेखांत प्रतिष्ठेचा संवत, भट्टारकांचे नाव, दात्याची ज्ञाती व गोत्र, वडील, भार्या व पुत्र यांची नावे येतात. मुडासा येथे संवत १५४८ मध्ये, म्हणजे इ. स. १४९१ च्या सुमारास, शाह जीवराज पापडीवाल यांनी प्रतिष्ठित करविलेल्या प्रतिमा देशभरच्या दिगंबर मंदिरांत आढळतात, हे आपण त्या लेखांमुळेच जाणतो. डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांनी असे लेख व ग्रंथप्रशस्ती अभ्यासून सिद्ध केलेला 'भट्टारक संप्रदाय' हा ग्रंथ १९५८ साली सोलापुरातून प्रसिद्ध झाला. नित्य अभिषेकाने अनेक ठिकाणची अक्षरे झिजत आहेत, म्हणून हे काम निकडीचे आहे.

प्रतिमेला नाव व नोंद नसेल, तर ती बिनआकड्याच्या पावतीसारखी होय. फाइलच्या नावात साल, घराणे, कागदाचा प्रकार व पान क्रमांक असावा. सोबत एका कागदावर मूळ कोणाकडे आहे, चित्र कोणी व केव्हा घेतले, हे लिहावे. कागदावरील कालगणना जशीच्या तशी नोंदवून मग इसवी सन द्यावा. शकात ७८ मिळवावेत, जानेवारी ते फाल्गुन अखेर या काळासाठी ७९. दिवाळीस बदलणाऱ्या विक्रम संवतातून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ व पुढे ५६ वजा करावेत. वीर निर्वाण संवतातून याच क्रमाने ५२७ व ५२६.

शेवटी साठवण. तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत परगावी असावी. एक संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर व एक पुण्या-मुंबईच्या मुलीकडे किंवा क्लाउडवर. कृष्णाकाठच्या माणसाला याचे कारण सांगावे लागू नये. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आपण फ्लॉपीवर ठेवलेले हिशेब आज उघडत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. म्हणून दरवर्षी दिवाळीच्या वहीपूजनाच्या दिवशी या प्रतिमा एकदा उघडून पाहाव्यात व पाच-सात वर्षांनी नव्या साधनावर उतरवाव्यात. आणि प्रत झाली म्हणून मूळ कागद रद्दीत देऊ नये. 'संजद' शब्दाचा निवाडा शेवटी मूळ ताडपत्रानेच केला, हे विसरून चालणार नाही.

एक पथ्य मात्र आवर्जून पाळावे. जुन्या वह्यांत ऋणकोंची नावे, दत्तकविधान, भावाभावांचे तंटे असे पुष्कळ काही असते. त्यांचे वंशज आपल्याच गावात नांदत आहेत. जतन करणे म्हणजे चव्हाट्यावर मांडणे नव्हे. प्रत्येक पान सर्वांस पाठविण्याची आवश्यकता नाही.

एक नम्र विनंती

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने विश्वस्त मंडळास एक सूचना करावीशी वाटते. येत्या श्रुतपंचमीपासून दरवर्षी एक दिवस ट्रस्टच्या सभागृहात 'जुने कागद' शिबिर भरवावे. एक चांगला स्कॅनर, दोन संगणक जाणणारे तरुण व एक मोडी वाचक एवढे पुरे. श्रावक-श्राविकांनी आपापले कागद आणावेत, प्रतिमा घेऊन मूळ कागद त्याच दिवशी घरी न्यावेत. आरंभ ट्रस्टच्या स्वतःच्या इतिवृत्तांपासून करावा. पन्नास वर्षांपूर्वीच्या पहिल्या सभेचे पान, त्यावरील स्वाक्षऱ्या व देणगीदारांची यादी ही आता आपल्याही इतिहासाची साधने झाली आहेत.

या शिबिराचा आणखी एक लाभ व्यापाऱ्याच्या दृष्टीने सांगतो. एकाच्या वहीत जी रक्कम नावे पडते, ती दुसऱ्याच्या वहीत जमा झालेली असते. घराण्यांच्या नोंदींचेही तसेच आहे. आपल्या पूर्वजांचे नावगाव आपल्या घरी नष्ट झाले असले, तरी ते ज्यांच्याशी व्यवहार करीत, ज्यांच्या घरी त्यांनी मुली दिल्या, त्यांच्या कागदांत ते असू शकते. सर्वांचे कागद एके ठिकाणी वाचले गेले, तर हरवलेली नोंद शेजाऱ्याच्या वहीत सापडावी.

मांगूर व माणगाव या दोन्ही गावांच्या बस्तींत जाऊन, पंचांच्या अनुमतीने तेथील लेख पाहण्याचा माझा मानस आहे. तत्पूर्वी वाचकांस विनंती, की आपल्या घरी शके १८३३ च्या आगेमागेची वही असेल, तर ती एकदा उघडावी, उजेडात ठेवावी आणि तिची स्वच्छ प्रत घ्यावी. आमच्या पणजोबांचे गाव तिच्यात कोठे जमा असेल, तर कृपया कळवावे. ते नसले, तरी आपले स्वतःचे गाव तरी आपल्या नातवंडांसाठी सुरक्षित राहील.

जय जिनेंद्र!